भागवणाऱ्या हातांची विद्या

वर्ध्यात शिकत असताना आम्ही चौघे एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. पोळपाट होता, पण लाटणे नव्हते. पहिले काही दिवस आम्ही काचेच्या बाटलीने पोळ्या लाटल्या, तांब्याच्या बुडाने शेंगदाणे भरडले आणि वाट्यांना तेलाचे बोट लावून त्यांत इडल्या वाफवल्या. घरमालकीण काकू एकदा सराटा द्यायला आल्या आणि बाटली पाहून हसल्या. ‘‘भागवून राह्यले म्हना की!’’ त्या म्हणाल्या. त्यांचे हे क्रियापद आमच्या मनात कायमचे राहिले.

तहान भागते, भूक भागते, तशीच नडही भागते. मात्र ‘भागवणे’ या शब्दाला आपण बुद्धीच्या दालनात कधी बसवले नाही. त्याची जागा काटकसर, सोशीकपणा, गृहिणीचे गुण यांच्या रांगेत. अलीकडे हिंदीतून आलेल्या ‘जुगाड’ला मात्र मोठी प्रतिष्ठा लाभली, २०१२ साली व्यवस्थापनशास्त्रावरील एका इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातही तो जाऊन बसला. कारखान्यात केले की कल्पकता आणि स्वयंपाकघरात केले की काटकसर, हा भेद आम्हांस मान्य नाही.

या भेदाची मुळे आपल्या वाङ्मयीन परंपरेतही दिसतात. स्वयंपाकाचे साधन नसल्याची मराठीतील सर्वांत प्रसिद्ध कथा मुक्ताबाईची. तिला मांडे करावयाचे आहेत आणि विसोबाच्या सांगण्यावरून कुंभार खापर देत नाहीत. ज्ञानेश्वर योगाग्नीने आपली पाठ तापवतात आणि त्या पाठीवर मांडे भाजले जातात. शतकानुशतके आपण ही कथा चमत्काराची म्हणून ऐकत आलो, आणि ऐकताना नजर पाठीवर खिळल्यामुळे मुक्ताबाईच्या हातांकडे पाहायचे राहून गेले. वस्तुतः मांडा हा हातांचा पदार्थ आहे. नागपूर-वर्ध्याकडील लांब पोळी करताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे सांगावयास नको. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत पातळ होत जातो आणि खाली जाळ असलेल्या उपड्या मडक्यावर अलगद पसरला जातो. लाटण्याचे काम तळहात आणि मनगटे करतात, तव्याचे काम मडके करते. कणीक किती सैल हवी, मडके किती तापले, हे ठरवणारी विद्या कथेत कोठेच येत नाही.

पर्याय म्हणून आलेली वस्तू टिकली, की तिलाच आपण साधन म्हणू लागतो. वाटीचेच पाहा. ती जेवणाच्या ताटातली. पण घरोघरी तिने मापाचे काम केले, पुऱ्या गोल कापल्या, लसूण ठेचला. कमलाबाई ओगले यांनी ‘रुचिरा’त (१९७०) वाटी आणि चमचा हीच मापे वापरली. घरात तराजू नाही हे गृहीत धरून लिहिलेले हे पुस्तक घरोघरी पोहोचले. आमच्या मते मराठी गद्याच्या अभ्यासकाने त्या पुस्तकाकडे पाककृतींपलीकडे जाऊन पाहावयास हवे. भागवण्याच्या व्यवहाराला तेथे लेखी भाषा मिळाली आहे.

तरीही एक सावधगिरी हवी, आणि ती वर्ध्यात राहून विशेष जाणवते. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास आले. तेथील साधेपणा निवडलेला होता. भोवतालच्या शेतमजुराच्या चुलीपाशी जो साधेपणा होता, तो कोणी निवडलेला नव्हता. दोन्हींना एकाच शब्दाने गौरविणे अन्यायाचे आहे. सांडशी नसली की बाई पदराने गंज उतरवते. या हातखंड्याचे कौतुक करताना पदर कृत्रिम धाग्याचा आहे आणि तो जाळाच्या किती जवळ आहे, हे विसरून चालणार नाही.

याबाबत मगनवाडीचे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी तेथे ग्रामोद्योगांचे काम करीत होते. त्यांनी धूर सोसणाऱ्या बाईच्या सहनशीलतेवर स्तोत्रे रचली नाहीत. चूलच बदलावयास घेतली. धूर बाहेर काढणारी मगन चूल त्या प्रयत्नांतून आली. घरातल्या मातीतून, घरातल्या जाळातून, पण नड कायम न ठेवता पुढे जाणारे हे भागवणे होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. आत्मचरित्रांत, ओव्यांत, ग्रामीण कथांत एखादी बाई नसलेल्या वस्तूवाचून काम भागवताना दिसली, की समीक्षा लगेच ‘दारिद्र्याचे प्रत्ययकारी चित्रण’ असा शेरा मारते. त्यापूर्वी क्षणभर थांबावे. तिने कोणती वस्तू उचलली, का उचलली, तिला ते कोणी शिकवले आणि त्यात तिचा हात भाजला का, हे विचारावे. पहिल्या तीन प्रश्नांनी तिची विद्या कळेल, चौथ्याने तिची किंमत.

पुढच्या महिन्यात पैसे आल्यावर आम्ही लाटणे आणले. बाटलीच्या पोळ्यांच्या गोष्टी आजही आम्ही हौसेने सांगतो; पण लाटणे विकत आणता आले म्हणूनच ती हौस आम्हांला परवडते.