गुडघ्यातील फट आणि तिचा आकडा

गुडघ्याच्या एक्स-रेच्या अहवालात अलीकडे कधी कधी ‘सांध्यातील किमान अंतर ३.८ मिमी’ अशी नोंद आढळते. मागील वर्षी हाच आकडा ४.४ होता म्हणून आपण धास्तावला असाल, तर शस्त्रक्रियेची तारीख विचारण्यापूर्वी तो कोठून येतो, ते जाणून घ्यावे.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दिसते ती मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांमधील काळी फट. कूर्चा झिजली की ही फट अरुंद होते. परंतु सांध्यातील गादी जागची सरकली तरीही ती अरुंद होते. १९५७ साली केल्ग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी झिजेच्या ० ते ४ अशा पायऱ्या ठरविल्या आणि त्या आजही वापरात आहेत. मात्र एकच चित्र एका तज्ज्ञाला दुसरी पायरी वाटते, दुसऱ्याला तिसरी. संगणकप्रणाली हाडांच्या कडा स्वतः शोधून फट मिलिमीटरमध्ये मोजते आणि तेच चित्र पुन्हा दिले तर बहुधा तेच उत्तर देते. तिचे खरे सामर्थ्य एवढेच, आणि ते थोडेथोडके नव्हे.

पण चित्रच निराळ्या रीतीने काढलेले असेल तर? फट वर्षाकाठी सरासरी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनीच कमी होते. गुडघा किंचित अधिक वाकला, किरणांचा कोन बदलला किंवा एकदा आडवे झोपवून आणि एकदा उभे करून चित्र घेतले, तर त्याहून मोठा फरक सहज पडतो. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या, सुमारे ४,८०० व्यक्तींच्या दीर्घ अभ्यासात प्रत्येक वेळी पाय व गुडघे प्लास्टिकच्या एका चौकटीत टेकवून उभ्यानेच एक्स-रे काढले गेले, ते याचसाठी. आपल्याकडे ‘उभे राहा’ एवढेही कित्येकदा सांगितले जात नाही!

तेव्हा दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्ही चित्रे उभ्याने आणि एकाच पद्धतीने काढली होती का, हे विचारावे. शक्यतो केंद्र बदलू नये. फट अरुंद असूनही वेदना नसलेली माणसे असतात, तशी फट रुंद असूनही जिना चढताना कण्हणारीही असतात. म्हणून चालणे, झोप आणि दुखणे यांविषयी डॉक्टरांना आकड्याआधी सांगावे. आणि चित्राची मूळ डिजिटल फाइल जपून ठेवावी. मोबाइलवर टिपलेल्या फोटोवरून अचूक मिलिमीटर मोजता येत नाहीत.