विश्लेषण : ‘क्वीन’चा गिटारवादक गोठ्यात कसा पोहोचला? ब्रायन मे आणि ब्रिटनमधील बॅजरवाद

पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेल्याचे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक सर ब्रायन मे यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. डाव्या हातावरचा ताबा काही काळ गेला होता, पण गिटार वाजवता येते, असे त्यांनी चाहत्यांना सांगितले. तारा दाबून सूर ठरवण्याचे काम त्यांचा हाच हात करतो. त्याआधी काही दिवस त्यांच्या ‘बीबीसी’वरील माहितीपटावरून शेतकरी संघटना नाराज झाल्या होत्या.

ब्रायन मे कोण?

जन्म १९४७, लंडनजवळील हॅम्प्टन. विद्युत गिटार विकत घेणे परवडत नसल्याने १९६३ पासून त्यांनी वडिलांच्या मदतीने ती घरीच बनवली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, तर स्प्रिंग जुन्या मोटारसायकलच्या. ‘रेड स्पेशल’ नावाची ही गिटार ते आजही वाजवतात, तीही प्लास्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने.

१९७० मध्ये ते, ड्रमवादक रॉजर टेलर आणि गायक फ्रेडी मर्क्युरी यांनी ‘क्वीन’ स्थापन केला. मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले फारुख बुल्सारा. ‘वुई विल रॉक यू’ हे गाणे मे यांचे. त्यातील टाळ्या आणि पायांचा ठेका थोड्याथोड्या विलंबाने एकावर एक चढवून त्यांनी मोजक्या माणसांतून जमावाचा आवाज उभा केला.

संगीतकार की शास्त्रज्ञ?

दोन्ही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते सूर्यमालेतील धुळीच्या गतीवर पीएचडी करत होते. बँडला यश मिळाल्यावर ती अर्धवट राहिली आणि तीस वर्षांहून अधिक काळाने, २००७ मध्ये, पूर्ण झाली.

बॅजरचा वाद काय?

बॅजर हा बिळात राहणारा निशाचर प्राणी. तो गायींना क्षयरोगाची लागण करतो, असे मानून इंग्लंडमध्ये २०१३ पासून परवानाधारकांकरवी बॅजर मारले जातात. सरकारी आकडेवारीनुसार दशकभरात २ लाख ३० हजारांहून अधिक बॅजर मारले गेले आणि २ लाख ७८ हजारांहून अधिक गुरांची सक्तीने कत्तल झाली. चाचणीत एक गाय बाधित निघाली, तरी कळपाच्या हालचालींवर निर्बंध येतात. पिढ्यान्पिढ्या जोपासलेला कळप डोळ्यांदेखत संपताना पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा प्रश्न प्राणिप्रेमापुरता नसतो.

मे यांचे म्हणणे काय?

२०१० मध्ये ‘सेव्ह मी ट्रस्ट’ स्थापन करणारे मे सुरुवातीला केवळ हत्येविरोधात बोलत. नंतर डेव्हनमधील एका गोठ्यात पशुवैद्यकासोबत त्यांनी काही वर्षे काम केले. नेहमीच्या त्वचा चाचणीतून काही बाधित गायी सुटतात आणि शेण-मूत्रातून रोग गायींमध्येच फिरत राहतो, असा त्यांचा दावा आहे. त्यामुळे उत्तम चाचण्या आणि गोठ्याची स्वच्छता हाच उपाय, असे ते सांगतात. एका गोठ्याच्या अनुभवावरून देशाचे धोरण ठरू नये, हा त्यावरचा प्रमुख आक्षेप.

विज्ञान कोणाच्या बाजूने?

उत्तर सरळ नाही. दीर्घ क्षेत्रीय प्रयोगानंतर २००७ मध्ये स्वतंत्र शास्त्रज्ञगटाने बॅजरहत्येचा रोग आटोक्यात आणण्यास अर्थपूर्ण उपयोग होणार नाही, असा निष्कर्ष काढला. उलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, हत्या सुरू झाल्यावर चौथ्या वर्षापर्यंत कळपांतील नव्या बाधेचे प्रमाण ५६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मात्र याच काळात गुरांच्या चाचण्याही कडक झाल्या होत्या. त्यामुळे घट नेमकी कशामुळे, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

पुढे काय?

सध्याच्या संसदेची मुदत संपेपर्यंत बॅजरहत्या थांबवण्याचे मजूर पक्षाच्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. बॅजरचे लसीकरण आणि गुरांसाठीची लस यांवर भर राहील. क्षयरोगाची लस दिलेली गाय त्वचा चाचणीत बाधित दिसू शकते. त्यामुळे दोन्हींतील फरक दाखवणारी चाचणी सिद्ध होईपर्यंत लस गोठ्यापर्यंत पोहोचणार नाही. तोवर शेतकऱ्यांना रोगाची धास्ती कायम राहील. माहितीपटामुळे मे यांचे म्हणणे सर्वदूर पोहोचले. ते खरे ठरते का, हे मात्र इतर गोठ्यांतील पुराव्यांवरच ठरेल.