पाच दिवसांनी भरणारा दरबार

‘ली जिंग तू झी’ हा चार अक्षरांचा वाक्प्रचार चीनमध्ये आजही झटून कारभार करणाऱ्या राज्यकर्त्याला लावतात. सारी ताकद पणाला लावून राज्याची घडी बसवणे, हा त्याचा अर्थ. त्याचे मूळ बान गू याच्या ‘हान शू’ या पहिल्या शतकातल्या इतिहासग्रंथात सापडते. त्यातल्या वेई श्यांग या मंत्र्याच्या चरित्रात हान घराण्यातल्या सम्राट शुआनच्या कारभाराचे वर्णन जवळपास याच शब्दांत आहे.

शुआन राजवाड्यात वाढला नव्हता. इ.स.पू. 91 मध्ये जादूटोण्याच्या आरोपांवरून सम्राट वूच्या घरात रक्तपात झाला आणि त्याचा हा तान्हा पणतू तुरुंगात पडला. बिंग जी या अधिकाऱ्याने कैदी स्त्रियांकरवी दूध पाजून त्याला जगवले. पुढे तो सामान्य लोकांत वाढला. कोंबड्यांच्या झुंजी त्याने पाहिल्या, तसेच अंमलदार रयतेला कसे नाडतात हेही पाहिले. इ.स.पू. 74 मध्ये गादी मिळाली, पण सूत्रे राजप्रतिनिधी हुओ ग्वांगच्या हाती होती. इ.स.पू. 68 मध्ये तो वारला, तेव्हा कुठे शुआन खरा राजा झाला.

मग दर पाच दिवसांनी दरबार भरू लागला. प्रांताधिकारी नेमताना सम्राट स्वतः त्याची मुलाखत घेई, त्याचे बोलणे लक्षात ठेवी आणि पुढे त्याची करणी त्या बोलण्याशी ताडून पाही. चांगल्या अधिकाऱ्याला तो सहसा हलवत नसे. अधिकारी सारखे बदलले की रयत बिथरते, हे त्याला पक्के ठाऊक होते. काम चोख असेल तर तो पगार वाढवी, सोने देई आणि वरची जागा रिकामी झाली की तिथे त्यालाच बसवी. त्याच्याच काळात, इ.स.पू. 54 मध्ये, सीमेवर सरकारी कोठारे उभी राहिली. धान्य स्वस्त असताना सरकारने चढा भाव देऊन ते घ्यायचे आणि महागल्यावर कमी भावाने विकायचे, अशी सोय होती.

त्याच्या राज्यात सारेच सोज्वळ होते असे नाही. राजधानीचा कर्तबगार अधिकारी झाओ ग्वांगहान याला त्याने मृत्युदंड दिला, तेव्हा हजारो लोक रडत जमले होते. हा डाग पुसता येणार नाही.

तरीही मिंग घराण्याचा शेवटचा सम्राट चोंगझेन शेजारी ठेवला की फरक कळतो. तोही कष्टाळू होता, काटकसरीने राहत होता. पण त्याचा कोणावरही विश्वास नव्हता. 17 वर्षांत त्याने पन्नासच्या आसपास महामंत्री बदलले आणि मांचूंना रोखणारा सेनापती युआन चोंगहुआन याला 1630 मध्ये हाल करून मारवले. 1644 मध्ये बंडखोर बीजिंगमध्ये घुसले आणि राजवाड्यामागच्या टेकडीवर त्याने गळफास घेतला.

चोंगझेनच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण नेमलेल्या माणसाला काम करू देण्याचा आणि त्याच्या कामाचा हिशेब घेण्याचा धीर शुआनकडे होता, म्हणून या वाक्प्रचारावर हक्क त्याचाच आहे.