दोरी ओढायची कुणी?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानंतर चर्चा रंगली ती स्त्रियांच्या रात्रपाळीची, नेमणूकपत्राची आणि ग्रॅच्युइटीची. संपावर आलेल्या निर्बंधांवरून कामगार संघटना रस्त्यावरही उतरल्या. या गदारोळात एक कलम मात्र कोपऱ्यातच राहिलं. औद्योगिक संबंध संहिता सांगते, की वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे. मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, सगळे मिळून जास्तीत जास्त दहा. आणि कामगारांमध्ये बायकांचं जेवढं प्रमाण, निदान तेवढं तरी समितीत हवं. म्हणजे शंभरात चाळीसजणी असतील, तर दहाच्या समितीत किमान चार बायका.

वाचायला छान वाटतं. पण अशी समिती जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही २०१० च्या दुरुस्तीनंतर होतीच. तुमच्या कामाच्या ठिकाणी ती होती? तिच्यात कोण होतं, हे कुणाला ठाऊक होतं? लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ चा. त्यातल्या अंतर्गत समितीचं काय झालं, ते मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं. गोव्यातल्या एका प्रकरणात निकाल देताना न्यायालयाने एका बातमीचा दाखला दिला. तीसपैकी सोळा राष्ट्रीय क्रीडा महासंघांनी ही समिती धडपणे नेमलेलीच नव्हती. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती!

तेव्हा नुसती खुर्ची मिळून भागत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला 'हे चुकतंय, थांबा' असं म्हणता येतं का, आणि तिने म्हटल्यावर खरोखर कुणी थांबतं का, हा खरा प्रश्न आहे.

'थांबा' म्हणण्याला कारखानदारीच्या इतिहासात फार मोठं स्थान आहे, आणि त्याची सुरुवात एका बाईच्या हातमागापाशी होते. जपानमधले साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा. आई रात्री जागून मागावर कापड विणायची. तिचे कष्ट बघून हा मुलगा माग सुधारण्याच्या मागे लागला. पुढे त्यांनी असा यंत्रमाग बनवला, की एखादा धागा तुटला तर तो आपोआप थांबे. त्यामुळे तुटक्या धाग्याचं वारभर खराब कापड तयार होईना आणि प्रत्येक मागावर नजर ठेवायला वेगळं माणूसही लागेना. याच घराण्याने पुढे टोयोटा मोटार कंपनी काढली, तेव्हा मागाचं तत्त्व मोटारींच्या कारखान्यात आलं. तिथे कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. काही चुकतंय असं दिसलं की साध्या कामगारानेही ती ओढायची. टीमचा प्रमुख धावत येणार, दोघं मिळून बघणार आणि वेळेत सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबणार. पुढे अनेक ठिकाणी दोरीच्या जागी बटण आलं, अधिकार तोच राहिला.

कंपन्यांच्या भिंतींवर 'कायझेन'ची पोस्टर्स तुम्ही पाहिली असतील. कायझेन म्हणजे कामात रोज थोडी थोडी सुधारणा. आपल्याकडे १९८० च्या सुमारास 'भेल'सारख्या सरकारी कंपनीत क्वालिटी सर्कल सुरू झाली, आज ती शेकडो कारखान्यांत आहेत. पोस्टर आलं, फळा आला, दरमहा 'उत्कृष्ट सूचना' म्हणून टिफिनचा डबाही बक्षीस मिळाला. दोरी मात्र बऱ्याच ठिकाणी आलीच नाही.

दोरी आली की काय होतं, ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इस्पितळांनी दाखवलं. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालतात. तिच्यातून जंतुसंसर्ग झाला तर जीवावर बेततं. तो टाळायचे उपाय सगळ्या डॉक्टरांना पाठ असतात. हात धुवा, त्वचा नीट निर्जंतुक करा, रुग्णाला पूर्ण झाका, जांघेतली शीर शक्यतो टाळा, नळीची गरज संपली की काढा. तरीही घाईत एखादी पायरी गळायचीच. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी या पाच पायऱ्यांची यादी केली. त्यांनी दोन गोष्टी आणखी केल्या. लागणारं सगळं सामान एकाच गाडीवर ठेवलं, म्हणजे शोधाशोध नको. आणि पायरी गळली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला, इस्पितळाचं व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभं राहिलं. मिशिगनमधल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हे राबवलं गेलं. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळीच्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचं मध्यम प्रमाण आधी २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं आणि दीड वर्षानंतरही टिकून होतं.

आता हे आपल्याकडे डोळ्यांसमोर आणा. सिस्टर मोठ्या डॉक्टरांना म्हणतेय, "सर, थांबा, हात धुवायचे राहिले." पुढे काय होईल, हे सांगायला हवं का?

याच विषयातला आणखी एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक इस्पितळांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमकडून चुका कमी होत असणार, अशी अपेक्षा. आकडे उलटेच आले. चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त! मग उलगडा झाला. तिथल्या नर्स चूक झाली की सांगत होत्या. बाकी ठिकाणी बोलणी खायची भीती, म्हणून चुका लपत होत्या. 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' असं एखादे साहेब अभिमानाने सांगतात ना, तेव्हा हा अभ्यास आठवावा.

आपल्याकडचं उदाहरण बघू. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. बातम्यांत ते 'आंदोलन' म्हणून आलं. खरं तर ती ओढलेली दोरी होती. फोनची मेमरी अपुरी, तो तापायचा, बंद पडायचा. त्यात 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं, तेही इंग्रजीत. बाळाचं वजन, गरोदर बाईची नोंद, पोषण आहाराचा हिशेब, सगळं त्यात भरायचं. जी बाई वर्षानुवर्षं वजनकाटा आणि रजिस्टर सांभाळतेय, तिला ॲप बनवताना कुणी विचारलं असतं, तर पहिल्या दिवशीच तिने सांगितलं असतं, 'मराठीत द्या.' पुढे ॲपमध्ये भारतीय भाषा आल्याच. म्हणजे सेविकांचं म्हणणं बरोबर होतं. मग ते आंदोलनापर्यंत का जावं लागलं?

हा 'का' फार महत्त्वाचा. टोयोटाचे ताईची ओनो सांगत, की अडचण आली की पाच वेळा 'का' विचारा. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण असं. यंत्र का थांबलं? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेनासं झालं. का? वंगणाचा पंप नीट खेचत नाही. का? त्याचा दांडा झिजलाय. का झिजला? पंपाला गाळणी नाही, धातूचा कीस आत जातो. पहिल्या 'का'ला थांबलो तर फ्यूज बदलू आणि चार दिवसांनी तो पुन्हा उडेल. पाचव्यापर्यंत गेलो तर साधी गाळणी बसवून काम होतं.

आपण फार वेळा फ्यूज बदलतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांनी अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं बंधन आलं. आवश्यकच होतं ते. पण पुढचे 'का' विचारून बघा. बाई दवाखान्यात का गेली? पोटात दुखतं, अंगावरून जातं. हे इतकं का वाढलं? फडावर संडास नाही, स्वच्छ पाणी नाही, पाळीतही मोळ्या उचलायच्या. वेळेवर विश्रांती आणि उपचार का नाहीत? एक दिवस घरी राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. खाडा इतका जीवघेणा का? कारण नवरा-बायको मिळून एक 'कोयता' आणि त्या कोयत्याने हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल का घ्यावी लागते? गावात दुसरं काम नाही. शस्त्रक्रियेची परवानगी हा फ्यूज. गाळणी बसवायची तर फडावरचं पाणी, संडास, पाळीच्या दिवसांतली सुट्टी आणि उचलीचा हिशेब, इथपर्यंत जावं लागेल. आणि हे टोळीतल्या बाईला विचारल्याशिवाय कळणार नाही. नव्या संहितेतली दहाजणांची समिती तिच्या फडापर्यंत पोचेल, अशी चिन्हं आज तरी दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. सुधारणा सुचवून मला काय मिळणार? शिलाईच्या लाइनवरच्या मुलीने हात वाचवणारी एखादी युक्ती काढली आणि दुसऱ्या दिवशी तिचंच टार्गेट वाढलं, तर ती पुन्हा तोंड उघडेल का? घरातही आपण हेच बघतो. जी पटापट आवरते, तिच्याच अंगावर आणखी काम पडतं. वाचलेल्या वेळातला काही वाटा जिने तो वाचवला तिला मिळाला पाहिजे. पाच मिनिटांची उसंत असेल, नाही तर पगारात दिसणारी बढती असेल. नाही तर 'सतत सुधारणा' हे जास्त राबवून घेण्याचं गोंडस नाव ठरतं.

मग आपण काय करायचं? तुमच्या ठिकाणी वीस कामगार असतील तर तक्रार निवारण समिती आहे का, हे लेखी विचारा. सभासदांची नावं नोटीस बोर्डावर लावायला सांगा. संहितेप्रमाणे समितीने तक्रारीवर तीस दिवसांत काम पूर्ण करायचं आहे. निर्णय बहुमताने होतो, पण कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांचा होकार नसेल तर तो निर्णयच धरला जात नाही. ही लहान गोष्ट नाही. कामगारांच्या बाजूने बसलेल्या बायकांनी ती माहीत करून घ्यावी.

तुम्ही स्वतः टीमच्या प्रमुख असाल, तर सुरुवात तुमच्याकडून. दर आठवड्याला पंधरा मिनिटं 'या आठवड्यात काय अडलं?' एवढंच विचारा. सगळ्यात नवी आणि सगळ्यात कमी पगाराची व्यक्ती आधी बोलेल, मोठ्यांनी शेवटी बोलायचं. 'कोणी केलं?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'का झालं?' विचारा. जे सुचवलं त्याचं काय झालं, ते पुढच्या आठवड्यात सांगा, नकार असेल तर कारणासकट. सुचवणारीचं नाव वरच्या साहेबांपर्यंत जाऊ द्या. तिची कल्पना दुसऱ्याच्या तोंडून सादर होणं, हा अनुभव आपल्यापैकी अनेकींना आहे.

साकिचींच्या मागाला धागा तुटल्याचं कळत होतं, म्हणून तो थांबत होता. आपल्या कामाच्या ठिकाणी धागा तुटल्याचं सगळ्यात आधी कळतं ते मागावर बसलेल्या बाईलाच. कायद्याने तिला समितीत जागा देऊ केली आहे. आता तिने दोरी ओढली, की लाइन थांबली पाहिजे.