कर्नलचे दोषशोधन आणि मराठी गद्य

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हा आता एकसंध ग्रंथ राहिलेला नाही. लिनक्समध्ये यंत्र चालू असतानाच कर्नलला मॉड्यूल जोडता येते व काम संपताच काढूनही टाकता येते. सोय मोठी आहे. परंतु दोषशोधन त्यामुळेच बिकट झाले. मॉड्यूल स्मृतीत कोठे बसेल हे ते प्रत्यक्ष चढेपर्यंत ठरलेले नसते. दुसऱ्या यंत्रावरून कर्नल तपासणाऱ्या डिबगरला तो पत्ता सांगावा लागतो. एरवी त्याच्या हाती नुसते आकडे येतात, फंक्शनांची नावे येत नाहीत.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस ही अडचण परकी वाटू नये. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मूळ संहितेत मागाहून शिरलेले पाठ निवडून काढणे हाच प्रश्न होता. मात्र साम्य येथेच थांबते. प्रक्षिप्त ओवी पोथीत राहते, म्हणून ती सापडू तरी शकते. सदोष मॉड्यूल निघून जाते आणि आपल्या जागेचा पत्ता कर्नलच्या एखाद्या यादीत तसाच ठेवून जाते. पुढे केव्हातरी कर्नल त्या पत्त्यावर जातो. तेथे काहीच नसते. आणि कोसळताना दिसतो तो निरपराध भाग! कर्नल आपल्या शेवटच्या वृत्तान्तात जोडलेल्या मॉड्यूलांची यादी व सर्वांत अखेरीस काढलेल्या एकाचे नाव छापतो. त्याआधी गेलेल्यांची नोंद तेथे सहसा नसते.

ही विद्या मराठी प्रदेशास अपरिचित नाही. चालत्या कर्नलची तपासणी करणाऱ्या केजीडीबी या साधनावर 2003-04 च्या सुमारास पुण्याच्या अमित काळे यांनी काम केले. 2008 मध्ये ते लिनक्सच्या 2.6.26 या आवृत्तीत समाविष्ट झाले. मूळ लेखाच्या शिरोभागी त्यांचे नाव आहे, अर्थात रोमन लिपीत.

येथे उणीव परिभाषेची आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा होय. नामे उसनी चालतात. 'मॉड्यूल'ला संस्कृत प्रतिशब्द दिल्याने काही उलगडत नाही. उणीव आहे ती कार्यकारणाची साखळी न तोडता पुढे नेणाऱ्या मराठी वाक्यांची. जबलपूरच्या घमापुरात, मराठी घरात वाढून हिंदीतून शिकलेल्या एखाद्या मुलीला 'पत्ता', 'यादी', 'जागा' हे शब्द ठाऊकच असतात. त्यांतून वरील घटना सांगणे हे गद्याचे काम आहे, आणि आमचे वाङ्मयेतिहास अशा गद्याची दखल क्वचितच घेतात.