रागाचे उपचार योजनेबाहेर का?



गेल्या अंकातील पत्रलेखकांनी रागीटपणा हा संस्कारांचा प्रश्न ठरवून त्यावर सरकारी पैसा खर्च करायला विरोध केला आहे. तो मुळीच पटला नाही. आमच्या शेजारचा एक रिक्षाचालक मुलांवर हात उगारायचा आणि नंतर जिन्यात बसून रडायचा. संस्कार त्याच्यावरही झालेच होते. जबडा आवळतो, कानशिलं तापतात, तो क्षण ओळखून तिथून बाजूला व्हायला समुपदेशकाने त्याला शिकवले. फरक दिसू लागला. पण दर बैठकीला हजार रुपये आणणार कुठून? उपचार अर्धवट सुटले.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २१ नुसार मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळायला हवा. प्रत्यक्षात आयुष्मान भारत असो वा महात्मा फुले जनआरोग्य योजना, पैसे मिळतात ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. रागाच्या उपचाराला सहसा खाट लागत नाही; लागतात दर आठवड्याच्या बैठका, त्याही काही महिने. म्हणजे माणूस पुरता कोसळेपर्यंत योजना त्याच्याकडे बघणारच नाही!

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. गरजूंनी जरूर फोन करावा. सरकारी रुग्णालयात केसपेपरचा खर्च फारसा नसतो, पण रांगेत दिवस गेला की रोजगार बुडतो. समुपदेशनाच्या बैठका फुले योजनेत घ्याव्यात आणि त्या संध्याकाळीही मिळाव्यात, एवढी मागणी आपण आरोग्य विभागापर्यंत पोहोचवावी.

— एक वाचक, कल्याण