शंभर वर्षं, पण कशी?

घरातल्या मोठ्यांच्या वाढदिवसाला आपण एकच शुभेच्छा देतो : शतायुषी व्हा. त्या शंभरातली शेवटची दहा-पंधरा वर्षं कशी जाणार, हे मात्र केक कापताना कुणी विचारत नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही आत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांत ते साधारण ७१ वर्षं आहे. त्यातलं निरोगी आयुष्य मात्र ६० वर्षांच्या आसपास. म्हणजे दहाएक वर्षांचं आयुष्य आजार आणि अपंगत्व खाऊन टाकतात. आपण जास्त जगायला शिकलो, चांगलं म्हातारं व्हायला अजून शिकलो नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ (१७२६) मधले स्ट्रल्डब्रग आठवतील. ही माणसं मरतच नाहीत. गलिव्हर आधी हरखून जातो. मग कळतं की त्यांना मरण नसलं तरी म्हातारपण चुकलेलं नाही. ऐंशी पूर्ण झाली की कायदा त्यांना मेलेलं धरतो आणि मालमत्ता वारसांकडे जाते.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण घराघरांत आपण तेच प्रेमानं करतो. आधी बाजाराची पिशवी काढून घेतो, मग स्वयंपाकघर, मग पैशाचे व्यवहार. ‘तुम्ही बसा, आम्ही आहोत ना!’ बेळगावात आमच्या आज्जीला काका असंच म्हणाले, तेव्हा तिनं पिशवी सोडली नाही. म्हणाली, ‘‘एकदा बसलं की माणूस बसूनच जातंय, बघ.’’ ती ७९ वर्षांची आहे. सकाळच्या मिस्साला अजून चालत जाते आणि येताना भाजी आणते.

आज्जीचं म्हणणं विज्ञानालाही मान्य आहे. न वापरलेले स्नायू म्हातारपणी झपाट्यानं झडतात. मग तोल जातो, पडणं होतं, खुब्याचं हाड मोडतं. उलटही खरं आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला होता. आठ आठवड्यांत, ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीतही उशीर झालेला नसतो.

इथं एक धोका आहे. ‘असं अंथरुणाला खिळून जगण्यापेक्षा गेलेलं बरं’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ते मला मान्य नाही. पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन ज्यांच्या घरी जातात, त्या आजारी माणसांचं मोल चालत्या-फिरत्या माणसापेक्षा तसूभरही कमी नाही. तब्येत चांगली असणं ही जगण्याची पात्रता नव्हे. पण म्हणूनच, जे दुखणं टाळता येतं ते टाळायला मदत करणं हे आपलं कर्तव्य आहे.

त्याला पैसा फार लागत नाही. चर्चच्या आणि देवळाच्या पायऱ्यांना कठडा हवा. धड फूटपाथ हवेत, वाटेत टेकायला बाक हवा. आणि घरात त्यांच्या हाताला त्यांचं स्वतःचं काम हवं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी थांबा. ‘चला, बरोबर जाऊया’ म्हणा. पिशवीचा एक बंद तुम्ही धरा, दुसरा त्यांच्याच हातात राहू द्या.